पिंपावरची साय

तुर्ने शहराच्या आसपास घरी आंबट बिअर मुरवणारे जे चार-पाच जण उरले होते, ते सगळे घिस्लेंच्या हाताखाली शिकलेले. त्याचा मंत्र एकच होता. पिंपातल्या बिअरवर पांढरी साय धरली की पिंपाकडे पाठ फिरवायची. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला, बूच काढून घोटभर चाखायची, बस्स. साय मोडली की हवा शिरते आणि हवा शिरली की बिअरचं व्हिनेगर होतं. त्याच्या लेकीने, ओदिलने, लहानपणी एकदा चोरून बूच काढलं, तर त्याने तिच्या हातावर लाकडी चमचा हाणला होता.

तीच ओदिल तीन वर्षांपूर्वी आपल्या कुटुंबासह मॉन्ट्रियलला गेली. जायच्या आधीच्या आठवड्यात बापलेकींनी मिळून तळघरातल्या एका पिंपात बिअर मुरत घातली होती. निघताना ती म्हणाली, "मुरली की कळव, बाबा. चाखायला येईन." बाप ते वाक्य धरून बसला.

रविवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन येई. दहा मिनिटं बोलणं होई. फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं की घिस्लेंला खुर्चीत बसवत नसे. मग तो तळघरात उतरे, बूच काढी, काचेची नळी सायीतून खाली सोडी आणि घोटभर चाखून बघे. झाली का? अजून नाही. पुढच्या रविवारी बघू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

या उन्हाळ्यात घोट नाकाला झोंबायला लागला. सर्दी झाली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण संत मार्टिनच्या दिवशी धीर सुटला आणि त्याने शेजारच्या राऊलला चाखायला बोलावलं.

राऊलने एक घोट घेतला. मग भिडेखातर दुसरा घेतला.

"बोल की," घिस्लें म्हणाला.

"बटाट्याच्या सॅलडवर झकास लागेल."

"थट्टा पुरे, म्हाताऱ्या."

"थट्टा कसली? नाक जळलं माझं. पिंपाची फळी फुटलीय का बघ कुठे."

"फळ्या चांगल्या आहेत."

राऊलने पिंपाकडे पाहिलं. बुचाभोवतीचं लाकूड घासून घासून गुळगुळीत झालं होतं. तो घिस्लेंच्या पाठीवर हात ठेवून घरी गेला.

रविवारी दिवसभर घिस्लेंच्या मनात एकच घोळत होतं. झाली म्हणून ठोकून द्यावं का? येईल तरी पोरगी. आल्यावर पुढचं पुढे. पण सहाला फोन वाजला आणि तिनेच विचारलं, "सण झाला ना? काय म्हणतेय आपली बिअर?"

"व्हिनेगर झालंय तिचं."

"तुझ्या हातून?" ती हसली. मग हसायची थांबली. "बाबा, किती वेळा उघडलंस?"

"दर रविवारी. तुझा फोन झाला की."

आता तिला यायला निमित्तच उरलं नाही, असं घिस्लेंच्या मनात आलं आणि त्याचे डोळे भरले. आपणच घालवलं सगळं, दुसरं कुणी नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही जेवायला बसतोय."

"हो, हो. जेवा तुम्ही. ठेवतो."

"ठेवू नकोस. टेबलावर असाच चालू राहू दे. तूही तुझं वाढून घे."

त्याने फोन पावाच्या टोपलीला टेकवून उभा केला. तिकडे दुपार होती. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी मीठ मागितलं, काहीतरी सांडलं म्हणून ओदिल कुणावर तरी करवादली. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. घिस्लेंने सूप वाढून घेतलं. पावाचं कवच कडक होतं. खाताना कुरकुर वाजून तिकडचे आवाज बुडू नयेत म्हणून तो एकेक तुकडा सूपमध्ये मऊ करून खात राहिला.