एका सेल्फमध्ये

आमच्या घरात ‘थोरली’ म्हणजे मी नव्हे, पिकअप. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आधीपासून दारात उभी होती, आणि सासऱ्यांनी लगेच निकाल दिला होता की मान वयाप्रमाणे. तेव्हा जरा लागलं होतं. पुढे मी तिच्यावरच गाडी शिकले, तिचं ऑइल बदलायला शिकले, ती खरंच आजारी कधी असते आणि नुसती कुरकुरते कधी, हे ओळखायला शिकले. आता दोघींचंही वय झालंय. दोघींनाही सकाळी अंग हलवायला वेळ लागतो, आणि त्यावरून कुणी बोललेलं दोघींनाही खपत नाही.

पण हल्ली तिचं फारच झालं होतं. सेल्फ मारला की दणकून फिरायचा, बॅटरीला नाव ठेवायला जागा नव्हती, पण इंजिन पकडायचंच नाही. मग बॉनेट उघडायचं आणि डिझेलच्या हँडपंपाचं बटण अंगठ्याने दाबत उभं राहायचं. सुरुवातीला ते बटण ओल्या स्पंजासारखं मऊ लागायचं, हळूहळू घट्ट व्हायचं, आणि मग थोरली खोकत, पांढरा धूर सोडत चालू व्हायची. एकदा चालू झाली की दिवसभर गुणी. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

हे सगळं सुरू झालं ते धाकट्या दिरांनी तिला विकायला काढलं तेव्हापासून. त्यांना नवी, विजेवर चालणारी गाडी हवी होती. गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून त्यांनी थोरलीला अशी आंघोळ घातली की नवरीलाही कुणी घालणार नाही. गरम पाणी, ब्रश, इंजिनाच्या सांदीकोपऱ्यातली सगळी काजळी साफ. गिऱ्हाईक आलं, गाडी चालू झाली नाही, गिऱ्हाईक पाणी पिऊन गेलं. थोरली रुसली, असं घरात सगळे म्हणायला लागले. मीही हसले होते.

पण हसून रोपं पोचत नाहीत. आमची रोपवाटिका. रोपं ऊन चढायच्या आत गिऱ्हाइकाच्या अंगणात उतरली पाहिजेत, नाहीतर माना टाकतात. सुकलेल्या रोपांबद्दल बोलणी खायचे ते दीर, त्यामुळे त्यांचा संयम सुटला यात नवल नव्हतं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने कान लावून ऐकलं आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा मोठा पंप गेला, खर्च करण्यात अर्थ नाही, असं सांगितलं. शनिवारी दुपारी जेवताना दिरांनी जाहीर केलं की उद्या सकाळी भंगारवाला येऊन ओढून नेईल. माझा नवरा अशा वेळी रोपांना पाणी घालायला जातो. तसा तो गेला.

सासरे काहीच बोलले नाहीत. शेजारणीच्या कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मत देणारा हा माणूस. थोरली त्यांनी आणलेली, त्यांनी जपलेली. गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी चालवणं सोडलं, तेव्हापासून ते तिच्यात बसलेच नव्हते. दुसऱ्याच्या बाजूला बसून प्रवास करणं म्हणजे सामान होणं, असं त्यांचं म्हणणं. ताटाकडे बघत त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढून पुसला.

मग मीच बोलले. म्हटलं, “भाऊजी, उद्या सकाळी, थंड इंजिनावर, हँडपंपाला हात न लावता, एका सेल्फमध्ये चालू झाली तर ती राहील.”

“आणि नाही झाली तर?”

“मी स्वतः तिला गेटपर्यंत ढकलीन.”

“तुमचा भरवसा नाही, वहिनी. तुम्ही ढकलाल आणि ती तुमच्या धाकाने चालू होईल,” ते म्हणाले, पण कबूल झाले.

मी उगाच पैज लावत नाही. मिस्त्रीचं म्हणणं मला पटलंच नव्हतं. मोठा पंप झिजला की गाडी तापल्यावर त्रास देते, आणि थोरली तापल्यावर तर शहाण्यासारखी वागत होती. जिचं दुखणं रात्रभर उभं राहिल्यावरच येतं आणि हँडपंप मारला की जातं, ती एअर घेत असते. टाकीकडून इंजिनाकडे डिझेल ओढून नेलं जातं. त्या वाटेत कुठे फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. गाडी उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी सेल्फ नुसती हवा घुसळत बसतो. खाली थेंब पडत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. घरातल्या पुष्कळ गोष्टी अशाच बिघडतात.

आमच्या मागच्या भिंतीचं काम करून गेलेल्या गवंड्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी शेडमध्ये लटकत होती. तिचे दोन तुकडे कापले. एक टाकीतून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जोडला, दुसरा हँडपंपाच्या अलीकडे. गाडी चालू केली आणि गुडघे टेकून बघत बसले. पहिल्या तुकड्यात डिझेल एकसंध, चहाच्या रंगाचं. दुसऱ्यात बुडबुडे, एकामागोमाग एक, शाळा सुटल्यासारखे. म्हणजे चोर मधल्या टप्प्यात, आणि तिथे होती एकच वस्तू, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारी वाटी.

वाटीचा जोड एका पोकळ बोल्टवर असतो. त्याच्या डोक्याखाली एक तांब्याचं वायसर आणि जोडाच्या खाली दुसरं. मी बोल्ट सोडवला. वरचं वायसर होतं. खालचं नव्हतं. त्याच्या जागी, आट्यांत आत अडकलेला, काहीतरी पिवळट चुरा होता. नखाने काढला, नाकाशी नेला.

कपडे धुवायचा साबण.

जुने लोक हे करतात हे मला ठाऊक होतं. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, फट छान बुजवतो. विरघळतो तो पाण्यात, आणि गरम पाणी असेल तर फारच आनंदाने. दिरांचा ब्रश डोळ्यांपुढे आला. मग आठवली ती डॅशबोर्डच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेली साबणाची अर्धी वडी. ती हात धुवायला आहे असं आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो आणि सासऱ्यांच्या टापटिपीचं कौतुक करत होतो. जुगाड म्हणजे आळशाचं अवजार, हे त्यांचं वाक्य तर मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आले होते.

मागे पाय घासल्याचा आवाज झाला. सासरे उभे होते. माझ्या हातातला पिवळा चुरा त्यांना दिसला की वासावरून कळलं, कोण जाणे. त्यांनी जुन्या वायसरांचा पत्र्याचा डबा माझ्याजवळ ठेवला, उकिडवे बसले आणि डब्यात हात घातला. डोळे समोरच्या भिंतीकडे. एकेक वायसर बोटाने चाचपून बाजूला टाकत गेले आणि शेवटी एक माझ्या तळहातावर ठेवलं. बोल्टवर घालून बघितलं. नेमकं त्याच मापाचं.

वायसर वापरलेलं होतं, म्हणून काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून त्याच्या दोन्ही बाजू सपाट केल्या. मग दोन्ही वायसरं स्वयंपाकघरात नेली, चिमट्यात धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात टाकली. तांबं असं मऊ पडतं, मग दाबलं की जागेवर नीट बसतं. जाऊबाई डाळीला फोडणी देत होत्या. माझ्या पदार्थाला काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोरलीचे डोहाळे.

वायसरं बसवली, बोल्ट आवळला, एअर काढली. नळीत एकही बुडबुडा नाही. नळी काढून जुने पाइप जोडले, पुन्हा एअर काढली आणि मी निवांत झोपले.

सकाळी भंगारवाला साखळी घेऊन गेटशी उभा. दीर बॉनेटपाशी, कुणी हँडपंपाला हात लावत नाही ना यावर नजर ठेवून. मी बसले, सेल्फ मारला. थोरलीने एकदा घसा खाकरला आणि पकडलं. धूरसुद्धा मोजकाच. भंगारवाल्याला रिकाम्या हाती पाठवणं बरं दिसेना, म्हणून दिरांनी मागच्या अंगणातली पाण्याची गंजकी टाकी त्याच्या गळ्यात मारली. मग मला विचारलं, नक्की काय झालं होतं.

“वायसर,” मी म्हटलं. “जुनं झालं की जातं.”

“जुनं नव्हतं झालं,” सासरे म्हणाले. “नव्हतंच तिथे.”

मी इंजिन बंद केलं.

“माझ्या हातून पडलं होतं. खाली बसून शोधलं. समोर पडलेलं असणार, पण दिसेना. मग साबण भरला.” त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. “वायसर दिसत नाही त्याला रस्त्यावरचं माणूस काय दिसणार? त्या दिवशी गाडी सोडली. गुडघ्यांना काही झालेलं नाही.”

“बाबा, मी सांगितलं ना, जुनं झालं की...”

“तू मला सांभाळून घेत होतीस. मला घे. गाडीबद्दल खोटं सांगायचं नाही, पुढचा हात लावणारा फसतो.”

दीर म्हणाले, “म्हणजे तिचा जीव मीच धुऊन काढला.”

“चांगली धुतली होतीस,” सासरे म्हणाले. “माझा साबण ठेवला नाहीस म्हणजे बघ. डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी नेतोस ते सांग.”

उद्याच, असं दिरांनी सांगितलं. नव्या गाडीचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. पुढे काढतील, तेव्हा बघू.

रोपांचे ट्रे मागे चढवून मी पुन्हा गाडीत बसले, तर दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. सासरे सीटची कड हाताने चाचपून चढले, बसले, आणि पुढचा कप्पा उघडून फडक्यातली वडी माझ्या हातात दिली.

“हात धुवायला ठेव,” ते म्हणाले. “फक्त हात.”

मी सेल्फ मारला. एकदाच.