नावं वर सरकताना

भाऊसोंच्या डोक्यात वर्षभर एकच गोष्ट भुणभुणत होती. पोरगी गाते म्हणजे नेमकं काय करते? शिवांजली सांगलीला विश्रामबागेत राहायची आणि चौघांच्या रॉक बँडमध्ये गायची. मागच्या वर्षी तिनं मोबाईलवर एक गाणं ऐकवलं, तेव्हा भाऊसो लगेच म्हणाले होते, "ही गाती का वरडती?" तिनं मोबाईल खिशात घातला. त्यानंतर तिनं ऐकवलं नाही आणि फौजेतून रिटायर झालेल्या बापानं मागितलं नाही. ताठा दोघांतही सारखाच वाटला गेला होता.

आता तिचं गाणं सिनेमात आलं होतं. बँडबिंड नाही, एकटीचं. ही बातमीसुद्धा बायकोकडून कळली. गाणं कसलं आहे, कुठं आहे, हे पोरीला फोन करून विचारता आलं असतं. त्याऐवजी भाऊसो शेजारच्या लालासाहेबांना घेऊन साताऱ्यात सिनेमाला जाऊन बसले.

पहिलं गाणं पुरुषाच्या आवाजातलं निघालं, दुसरं वरातीचं. "कवा येतंय रं?" लालासाहेबांनी मध्यंतरात विचारलं.

"यील की," भाऊसो म्हणाले आणि पडद्याकडं आणखी डोळे ताणून बसले. शेवटी सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली. नावं वाचत बसतंय कोण? यष्टी सुटायला आल्यासारखं सगळं थेटर उठलं, दिवे लागले, दारं उघडली.

"पोरीचं गाणं कापलं वाटतं गड्या," लालासाहेब म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

"तू हो फुडं. माझी चप्पल घावंना," म्हणत भाऊसो खुर्चीखाली वाकले. चप्पल पायातच होती. पोरीसाठी त्यांना वाईट वाटत होतं, आणि ऐकायचं राहिलं म्हणून स्वतःसाठीही.

तेवढ्यात पडद्याकडून गिटार वाजली. मग घसा फाडून घातलेली एक लांबलचक हाक आली, शेवटाला वर उचललेली. भाऊसो वाकलेलेच राहिले. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. रजेवर आले की ते दिवसभर उसाला पाणी पाजायचे. उंच उसात माणूस दिसत नाही, म्हणून लहानगी शिवांजली बांधावरनं जेवायला हाक मारायची, "आबाऽऽ". शेवट असाच उचलून, कारण उचलला नाही तर आवाज पाल्यात अडकतो. तसं वरडायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

गाण्यातले शब्द निराळे होते, हाक तीच. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा भाऊसो उभे राहिले आणि रिकाम्या थेटरात त्यांच्या तोंडून आपसूक ओ गेली. "ओऽऽ, आलो गं."

झाडू घेऊन आत आलेली बाई दारातच थांबली. "आवं, काय हरवलं का?"

"न्हाई," भाऊसो म्हणाले. "पोरगी हाक मारतीया."