पूल खाली आला तेव्हा

वादळाची वर्दी आली की आमच्या खाडीवरच्या बायका आधी फ्रीजर रिकामा करतात. वीज जाणारच असते, मग साठवलेली कोळंबी आणि बदकं कुजू कशाला द्यायची? सगळं एका पातेल्यात घालून गंबो, म्हणजे आमच्याकडचा दाट रस्सा, शिजवायचा, पोटभर खायचा, उरलेला डब्यांत भरायचा आणि मग गाडीत बसायचं. लुइझियानाच्या या टोकाला सगळे असंच करतात. यात शहाणपण नाही असं मी म्हणत नाही. पण त्या सप्टेंबरात या शहाणपणाने आमचे चार तास खाल्ले, ते मी अजून विसरलेले नाही.

माझ्या सासूबाईंचं, एल्मीरबाईंचं, वय तेव्हा एकोणऐंशी. आयुष्य कोळंबी सुकवण्याच्या शेडमध्ये गेलेलं, त्यामुळे फुप्फुसांची वाट लागलेली. नाकात ऑक्सिजनची नळी असायची म्हणून त्यांना गॅसजवळ येऊ द्यायची सोय नव्हती. त्या दारात खुर्ची टाकून हुकूम सोडत होत्या आणि पातेल्यापाशी मी घामाघूम होत होते.

“आई, रेडिओवर सांगतायत, दुपारनंतर रस्ता बंद होणार. चला ना.”

“तीन वर्षं हेच सांगतायत मेले. तिन्ही वेळा गाडीत बसून माझी कंबर गेली, आणि इथे झाडावरचं एक संत्रं पडलं नाही. तू ढवळ. खाली लागतंय.”

माझा नवरा ओव्हीद आणि धाकटा दीर राउल सकाळीच धक्क्यावर गेले होते. आमच्याकडे वादळाआधी सगळ्या बोटी पुलाच्या वरच्या अंगाला, जुन्या ओक झाडांच्या वळणावर नेऊन बांधतात. मालक बोटीवरच राहतात. पाणी चढेल तसा दोर सोडावा लागतो, नाहीतर आखूड दोरच बोट बुडवतो. बोटी वर न्यायच्या तर पूल उचलावा लागतो, आणि पूल वर असेपर्यंत गाड्या जागेवर उभ्या. वारा ठरावीक वेगापुढे गेला की पूल खाली घेऊन कुलूप लावतात, मग वादळ सरेपर्यंत तो उघडत नाही. हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आम्ही निघालो तेव्हा दोन वाजले होते. पुलापाशी गाड्यांची ही मोठी रांग, आणि पूल वर. मागे वळून बघितलं तर रस्त्यावर पाणी आलेलं. मी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघितला, पाव भाग उरला होता. दुसरा भरलेला सिलिंडर घ्यायला मागच्या सीटवर हात घातला, तर हाताला लागले गंबोचे डबे. सहाच्या सहा. सिलिंडर घराच्या पायरीवर राहिला होता.

मागे पाणी, परत जायची सोय नव्हती. इस्पितळ पुलापलीकडे तासाभरावर.

“काय शोधतेस?”

“काही नाही आई. तुम्ही बोलू नका, श्वास जपा.”

समोरून बोटी एकामागून एक वर सरकत होत्या. त्यात आमची ‘एल्मीर’ दिसली. बोटीला आईचं नाव द्यायची हौस ओव्हीदची. सुकाणूवर त्याचा पिवळा रेनकोट, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. सासूबाईंनी काचेआडून हात हलवला. “गेला गं माझा पोरगा पलीकडे,” त्या म्हणाल्या. माझ्याही जिवात जीव आला. आता घोर एकाच माणसाचा होता, आणि ते माझ्या शेजारी बसलेलं होतं.

बोटी संपत आल्या तरी पूल खाली येईना. वाऱ्याने गाडी हलत होती. काटा लाल पट्ट्यात गेला आणि सासूबाईंचे ओठ जांभळे पडायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी डबा उघडायलाही जोर नसलेल्या त्या हाताची पकड मला सोडवेना. मी इतकी कधी घाबरले नव्हते. शेवटी हात सोडवून खाली उतरले आणि वाकून, कठड्याला धरत, पूलवाल्याच्या खोलीपर्यंत गेले. आत आल्सीदकाका होते. मी काचेवर मुठी आपटल्या.

“काका, पूल खाली घ्या!”

“एक बोट अजून खाली आहे, ओदाली. येतेय हळूहळू.”

“बोट काय करायचीय? सासूचा श्वास संपत आलाय माझ्या!”

“त्या बोटीवरही माणूसच आहे ना पोरी.”

“तो पोहेल! म्हातारीने श्वास कुठून आणायचा?”

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने.

काकांनी पाठ फिरवली आणि वायरलेसवर काहीतरी बोलले. वाऱ्यात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग त्यांनी दांडा ओढला. पूल करकरत खाली आला. “जा, चालव गाडी,” ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

पूल ओलांडला. पुढच्या वळणावर बोटी बांधायची धांदल चालली होती. ‘एल्मीर’ दिसली म्हणून मी काच खाली केली. पिवळ्या रेनकोटातला माणूस वळला, तो राउल होता.

“ओव्हीद कुठाय?” मी ओरडले.

“झेनोंबाबाची बोट आणायला परत गेलाय! म्हातारा एकटा कशी आणणार? येईलच मागून!”

म्हाताऱ्यांच्या आणि विधवांच्या बोटी धडधाकट माणसांनी दुसऱ्या खेपेला आणायच्या, ही आमच्याकडची रीतच आहे. चौदा वर्षं त्या घरात नांदत होते मी. मला आधी तेच सुचायला हवं होतं.

“काय म्हणाला राउल?” सासूबाईंनी विचारलं.

“जपून जा म्हणाला.”

मागे पुलाला कुलूप लागलं होतं आणि शेजारी म्हातारी धापा टाकत होती. मी गाडी हाकली. रस्त्यावर झाडाच्या फांद्या पडत होत्या, पत्रे उडत होते, आणि मला त्याची भीतीच वाटत नव्हती. माझी सगळी भीती पुलाखाली राहिली होती.

इस्पितळात सासूबाई वाचल्या. पुढचे तीन दिवस आम्ही तिथल्या बोळात काढले. पुलाच्या खालच्या अंगाला नऊ फूट पाणी चढलंय, एक घर कोरडं उरलेलं नाही, अशा बातम्या येत होत्या. सासूबाई जपमाळ ओढत म्हणायच्या, “बरं झालं बाई, ओव्हीद वेळेवर वर गेला.” मी हो म्हणायचे आणि संडासात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडायचे.

चौथ्या दिवशी तो ट्रकमधून आला. बरोबर झेनोंबाबा. दोघांच्या तळहातांची कातडी गेली होती. पुलाच्या खालीच, कबरस्तानाजवळच्या दोन ओक झाडांना बोट बांधून दिवसभर ते दोर सोडत राहिले होते. दलदलीचे तुकडेच्या तुकडे गवतासकट वाहत आले, त्यांवर साप होते, एक जिवंत गाय होती. पाणी कबरींवरून गेलं. एवढं सांगून तो झोपला. पुलाचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

नोव्हेंबरात आम्ही घरातला चिखल उपसत होतो तेव्हा आल्सीदकाका कॉफीला आले. मी कप भरून त्यांच्यापुढे ठेवला. आज काका त्या दिवसाचं बोलणार, असं वाटलं. त्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

“ओव्हीद, त्या दिवशी पूल मी खाली घ्यायला लावला.”

काका हसले. “बायकांच्या ओरडण्यावर पूल हलवला असता ना, तर तीस वर्षं तो वरखालीच करत बसला असता. मी खालच्या बोटीला विचारलं, तुझी आई पुलावर घुसमटतेय, काय करू? बोट म्हणाली, टाका खाली. आणि बोटीवर मी आहे हे ओदालीला सांगू नका म्हणाली.”

ओव्हीद कपात बघत होता.

“का?” मी विचारलं. “एवढं साधं सांगायला काय झालं होतं तुला?”

“सांगितलं असतं, तर तू पूल ओलांडला असतास?”

सासूबाई समोरच बसल्या होत्या, नाकात नळी घालून. त्या माझ्याकडे बघत होत्या. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण ते घर दोन महिने खोट्यावरच उभं होतं आणि मी दमले होते.

“नसता,” मी म्हणाले.

“मग बरं केलंस रे,” सासूबाई ओव्हीदला म्हणाल्या आणि कॉफी मागितली.

त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या. त्यांची नळी रोज मीच बदलायचे, आणि बदलताना त्यांच्या डोळ्यांत बघायची हिंमत मला एकदाही झाली नाही.