तळाची बाटली

मी एक जुनी, जाड काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझी हकिकत ऐकायला बसण्याआधी खोलीची खिडकी तेवढी उघडा. आता माझ्यात काहीही नाही, हे खरे; तरीही उघडा. मी ज्या घरात राहते, तिथली माणसे माझ्या फळीजवळ येताना आधी खिडकीकडे हात नेतात. ही सवय त्यांना कशी जडली, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा साच्यात पडला, त्यात हवा भरली गेली, आणि साच्याने माझ्या पोटावर दोन संत्री व एक पान उमटवले. चिकटवलेली कागदी चिठ्ठी असती तर पाण्याने सुटून गेली असती. माझी संत्री मात्र काचेचीच आहेत, ती पुसता येत नाहीत. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटे. पुढे त्यांचीच भीती वाटू लागली.

मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या एका घरात आले, ती संत्र्याचे सरबत घेऊन. घरात तिघे होते. आई दाराजवळच्या शिवणयंत्रावर लोकांचे कपडे दुरुस्त करून देई. उसवलेली शिवण, तुटलेली चेन, सैल झालेली कंबर. वडील एका हॉटेलच्या सफाई विभागात होते. आणि नऊ वर्षांची मुलगी, जिला सगळे पिटुकली म्हणत. पिटुकलीची छाती नाजूक होती. धूळ उडाली, उदबत्ती लागली, कुणी अत्तर लावून आले, की तिला खोकल्याची उबळ येई आणि श्वास आतच अडकून राही.

अशा वेळी आई यंत्र थांबवी, तिला मांडीशी घेई आणि एक सूर गुणगुणू लागे. त्याला शब्द नव्हते. तो हळूहळू वर चढे, एका जागी थबके, आणि मग लांबलचक उतरत जाई. "मी खाली येते तशी तूही ये," आई म्हणे, "घाई करू नकोस. बस चुकायची नाहीये आपली." तो सूर उतरत असताना पिटुकली श्वास सोडी. तीन-चार फेऱ्यांत तिचे ओठ पुन्हा गुलाबी होत.

सरबत संपले त्या दिवशी पिटुकलीने माझ्या काठावर फुंकर घातली, आणि माझ्यातून एक खोल घुमणारा आवाज निघाला. आई हसली आणि त्याच पट्टीत तिने आपला सूर लावला. त्या दुपारी आम्ही तिघी मिळून गायलो. माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर गोष्ट विचाराल, तर ती हीच. त्यानंतर माझ्या तोंडाला पुन्हा कुणाचे ओठ लागले नाहीत.

आईचा एक नियम होता. घरात काहीही वाया जाता कामा नये. उरलेल्या चिंध्यांच्या गोधड्या होत, साबणाच्या चिपट्या एकत्र दाबून नवी वडी होई. हॉटेलात बाटली तळाला आली की ती फेकून नवी काढण्याची पद्धत होती, आणि वडील ते तळ घरी घेऊन येत. फरशीचे, काचेचे, कपडे पांढरे करायचे, भांड्यांचे, पाहुण्यांच्या खोलीतल्या शाम्पूचे. एवढ्या बाटल्या ठेवायच्या कुठे? एके दिवशी आईने मला विसळून मोरीच्या कोपऱ्यात ठेवले, आणि सगळे तळ माझ्यात रिचवायला सुरुवात केली.

अशी मी तळाची बाटली झाले.

सुरुवातीला मला बरेच वाटले, हे कबूल करते. निरुपयोगी होऊन माळ्यावर पडण्यापेक्षा काम मिळाले होते. माझ्यातले बूचभर पाण्यात टाकले की फरशी आरशासारखी चमके. शेजारणी विचारत, "काय घालता हो तुम्ही पाण्यात?" आई डोळे मिचकावून म्हणे, "घरचा मसाला आहे." ते कौतुक मी माझ्याच वाट्याला घेतले. पण माझ्या आत काहीतरी चालू आहे, हे मला हळूहळू जाणवू लागले. निळ्यात पिवळे पडले की दोन्ही रंग नाहीसे होत. शाम्पूचा गुलाबी वास आठवड्याभरात मरून जाई आणि त्याच्या जागी दुसराच, टोकदार वास उरे. दिवसेंदिवस माझ्या बुचाखाली कुणीतरी खांदा लावून ढकलत असल्यासारखे वाटे. आई बूच फिरवी, तेव्हा फुस्स असा आवाज येई.

"बघितलंस?" ती वडिलांना म्हणे. "अजून जोर आहे हिच्यात."

तो जोर कसला आहे, हे तिला ठाऊक नव्हते. मलाही पुरते ठाऊक नव्हते. एवढेच कळत होते, की जे माझ्यात कोंडले आहे त्याला बाहेर यायचे आहे.

आईच्या बोटांची साल निघू लागली. सुई धरताना ती बोटाला चिंधी गुंडाळी. मोरीतून बाहेर आली की तिचे डोळे लाल असत. आणि ज्या दिवशी फरशी पुसली जाई, त्या दिवशी पिटुकलीला हटकून उबळ येई. खोकला आला म्हणून आई आणखी स्वच्छता करी, आणि स्वच्छता केली म्हणून खोकला येई. मी कोपऱ्यात उभी राहून हा फेरा पाहत होते.

एकीला मात्र शंका आली. पिटुकलीची मावशी औषधांच्या दुकानात काम करी. एकदा ती हात धुवायला मोरीत आली आणि मला पाहून थबकली.

"ताई, या सरबताच्या बाटलीत काय आहे गं?"

"सगळं आहे," आई बाहेरून म्हणाली.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. नावगाव कशाला हवंय तुला? लग्न जमवायचंय का तिचं?"

मावशी हसली नाही. "आमच्याकडे दोन गोळ्या एका पुडीत चुकून पडल्या तरी मालक आख्खी पुडी फेकायला लावतात. ओतून टाक हे. आणि संत्र्याच्या बाटलीत तर काही ठेवूच नकोस, घरात पोर आहे."

"पोर शहाणी आहे माझी. तिला वासच सहन होत नाही, पिणार कशी?" मग आईचा आवाज जरा खाली आला. "तिच्यासाठीच तर करते ना सगळं. जरा घाण राहिली की छाती भरते तिची. आता मी मोरी धुताना दार घट्ट लावून घेते. वासाचा कण बाहेर जात नाही."

मित्रांनो, त्या वाक्याने माझी काच गार पडली. मोरीला वर एकच हातभर खिडकी होती, आणि कबुतरे आत येतात म्हणून वडिलांनी तिच्यावर पत्रा ठोकलेला होता. मुलीला वास लागू नये म्हणून ती माउली रोज माझ्याबरोबर स्वतःला आत कोंडून घेत होती.

पुढच्या रविवारी मावशी जेवायला यायची होती. वडील सकाळच्या पाळीला गेले होते. आदल्या दिवशी त्यांनी एक नवा तळ आणला होता. संडासाचे पिवळे डाग काढायचे ॲसिड. "हे भारी आहे," ते म्हणाले होते, "हॉटेलात डाग राहत नाही याच्यापुढे."

त्या सकाळी आईने पिटुकलीला शिवणयंत्रापाशी बसवले. "दार उघडायचं नाही हं. मी आतून गुणगुणत राहते. ऐकू येतंय तोवर समजायचं, आई मजेत आहे."

"आणि नाही ऐकू आलं तर?"

"तर समजायचं, आई श्वास घेतेय," ती हसून म्हणाली, आणि तिने दार लावले.

तिने सूर धरला. माझे बूच काढले. फुस्स झाले. त्या आठवड्यात माझ्यात साठलेले जवळजवळ सगळे पाणी कपडे पांढरे करायचेच होते. तिने ॲसिडची बाटली उचलली आणि तिचा तळ माझ्या तोंडावर उपडा केला.

मी तापले. भट्टीनंतर पहिल्यांदाच मी आतून तापले. माझ्या पोटात फेस उसळला आणि गळ्यातून हिरवट पिवळी वाफ वर आली. ती धुरासारखी उडून गेली नाही. जड होती ती. माझ्या खांद्यांवरून ओघळून जमिनीवर पसरली आणि तिथून चढू लागली. आई डाग घासायला खाली बसली होती. तिचे तोंड नेमके तिथेच होते.

तिचा सूर वर चढत होता. तो वरच तुटला.

ती खोकली. एका हाताने गळा धरला, दुसरा दाराकडे नेला. कडीपर्यंत हात पोचला, आणि मग मागे आला. तो मागे का आला, हे त्या मोरीत फक्त मी पाहिले. दारापलीकडे पिटुकली होती. दार उघडले असते तर हे सगळे तिच्या छातीत गेले असते. तेवढ्या एका विचारात तिचे बळ संपले. पाय घसरला आणि ती भिंतीला टेकून खाली सरकली.

मी जवळच होते. मला तोंड होते, पण त्यातून फक्त ती वाफ बाहेर येत होती.

पिटुकली बाहेर वाट पाहत होती. सूर कुठे थबकतो आणि कुठून उतरतो, हे त्या मुलीला स्वतःच्या श्वासासारखे पाठ होते. आई कधीच वर सूर तोडत नसे. श्वास घ्यायची ती खाली उतरल्यावरच. "आई," तिने हाक मारली. "आई, खाली ये ना." उत्तर आले नाही. तिने दाराला हात लावला असता तर माझी गोष्ट याहून भयंकर झाली असती. पण फटीतून आलेल्या वासाने तिला जोराची उबळ आली, आणि ती खोकत खोकतच जिना उतरून दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांकडे धावली.

काकांनी खांद्याने दार फोडले. तोंडावर ओला पंचा दाबून त्यांनी आईला बाहेर ओढले, पिटुकलीला जिन्यात थांबवले, घराची सगळी दारे-खिडक्या उघडली. थोड्या वेळाने तोंडाला मुखवटा लावलेला अग्निशामक दलाचा माणूस आला. त्याने मला गॅलरीत नेऊन रिकामे केले, पुन्हा पुन्हा धुतले आणि संत्र्यांवर बोट ठेवून विचारले, "हे कुणी प्यायलं तर नाही ना?"

दुसऱ्या दिवशी मावशी आणि वडील गॅलरीत उभे राहून बोलत होते, ते मी ऐकले.

"डॉक्टर सारखे विचारत होते, बाटलीत काय काय होतं," मावशी म्हणाली. "एकाचं तरी नाव सांगा म्हणत होते."

"मला काय माहीत? थोडं थोडं सगळंच होतं." वडील म्हणाले. "आणून मीच दिलं. दिलं मीच, आणि नाव एकाचंही सांगता येईना मला."

माझ्यात काय काय पडले, हे जगात एकीलाच क्रमाने ठाऊक होते. ती मी. आणि मला कुणी विचारले असते तरी मी सांगू शकणार नव्हते.

आई पंधरा दिवसांनी घरी आली. वडील मला फेकायला निघाले, तेव्हा तिनेच अडवले. "ही संत्री बघून कुणीतरी उचलेल," ती म्हणाली. एवढे बोलायलाही तिला मध्ये दोनदा थांबावे लागले. "उचलेल आणि... काहीतरी भरेल. राहू दे आपल्याच डोळ्यांसमोर." पिटुकलीने कागदाची पट्टी कापून माझ्यावर चिकटवली. तिच्या गोल अक्षरांत तिने लिहिले: ही बाटली रिकामी आहे. तिला रिकामीच राहू द्या.

त्या पट्टीच्या आड मी आता फळीवर उभी असते. मोरीच्या खिडकीवरचा पत्रा निघाला आहे आणि कबुतरे खुशाल येतात. हॉटेलातले तळ यायचे बंद झाले. फरशी साबणाच्या पाण्याने पुसली जाते. ती आरशासारखी चमकत नाही आणि कुणी काही विचारतही नाही. पिटुकलीची उबळ बरीच कमी झाली आहे.

मित्रांनो, झोंबणाऱ्या वासाला स्वच्छता समजू नका. जे ज्या बाटलीतून आले, ते त्याच बाटलीत राहू द्या आणि तिच्यावरचे नाव पुसू नका. साफ करायचे दोन द्रव कधी एकत्र करू नका, मग ते थेंबभर का असेनात. बंद दाराआड तर मुळीच नको. तुमच्याही घरात कुठेतरी कोपऱ्यात माझ्यासारखी एखादी उभी असेल. तिच्या पोटावर फळ असेल, नाहीतर फूल. तिच्यात काय आहे, हे आजच मोठ्यांना विचारा. तुम्ही तिला हात लावू नका. मोठ्यांना नाव सांगता आले नाही, तर तिथून दूर व्हा.

काल दुपारी आई शिवणयंत्रावर बसली होती. तिने कितीतरी दिवसांनी सूर धरला. तो वर चढला आणि तिथेच तुटला. पूर्वी जिथे तुटला होता, अगदी तिथेच. तिचा श्वास आत अडकला, ओठ निळसर झाले. पिटुकली उठली. तिने खिडकी पुरती उघडली, आईचे डोके आपल्या खांद्याशी घेतले आणि तुटल्या जागेपासून सूर पुढे नेला.

"मी खाली येते तशी तूही ये," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

सूर उतरत गेला आणि आईने श्वास सोडला. मी फळीवरून ऐकत होते. माझ्या काठावर कुणी फुंकर घातली असती, तर मीही त्यांच्या सुरात सूर मिळवला असता. पण ती फुंकर मी आता कुणाकडेच मागत नाही.