बर्फाच्या बादलीचा राग

मी एक जुनी तांब्याची बादली आहे आणि मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगताना आवाज मऊ ठेवावा म्हणतात, ते आज मला जमणार नाही. मित्रांनो, माझ्यात गार होणारे पेय लहानांनी प्यायचे नसते. पण बाटलीचे उडालेले बूच समोरच्याचे वय विचारत नाही, म्हणून लहानथोर सगळ्यांनीच ऐका.

एका तांबटाने मला घडवले. सपाट पत्र्याला ठोकून ठोकून त्याने मला पोट दिले, दोन्ही बाजूंना कड्या लावल्या आणि आतून कल्हई केली. ज्या बाईंनी मला करून घेतले, त्या तांबटाच्या डोक्यावर उभ्याच होत्या. "बाटली गळ्यापर्यंत बुडायला हवी बरं का," असे त्या त्याला बजावत होत्या. त्यांचे वाइनचे दुकान होते, तेही फक्त फेसाळणाऱ्या वाइनचे. गिऱ्हाईक म्हातारे असो की तरुण, सगळे त्यांना मावशीच म्हणत.

लग्न, बारसे, निवृत्ती, नवे घर असे काही निघाले की लोक मावशींकडे येत आणि "एक भारीतली शॅम्पेन द्या" म्हणत. फेस आला की त्यांच्या लेखी सगळी शॅम्पेनच! मावशी हसत आणि उलट विचारत, "खायला काय करताय? माणसं उभ्यानं पिणार की बसून?" मग त्या मला पुढे ओढत. माझ्यात अर्धा बर्फ आणि अर्धे पाणी घालत. नुसता बर्फ बाटलीला इथे तिथे टेकतो, पाणी असले की गारवा तिला चहूबाजूंनी कवेत घेतो. अशा गार बाटल्या उघडून त्या गिऱ्हाइकाला घोट घोट चाखायला देत. बाटली तिरकी धरायची, बुचावर अंगठा ठेवायचा आणि बूच न फिरवता बाटली हळूहळू फिरवायची. बूच निघाले की 'फुस्स' एवढाच आवाज. बूच उडवण्याला मावशी धसमुसळेपणा म्हणत. माझे ते दिवस सुखाचे होते. येणारा प्रत्येक जण माझ्या पोटावरून हात फिरवून जायचा.

मावशींना एक धाकटा भाऊ होता. समारंभांची सजावट, दिवे, फोटो हे सगळे तो बघायचा. दुकानातली माणसे त्याच्या पाठीमागे त्याला झगमगराव म्हणत. माणूस दुष्ट नव्हता, पण फोटोत दिसत नाही ते जगात नसतेच, अशी त्याची पक्की समजूत होती.

एकदा एक गृहस्थ आपल्या लेकीला घेऊन दुकानात आले. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधणारे. ते निवृत्त होत होते आणि मालकांनी निरोपाची वाइन त्यांनाच निवडायला सांगितली होती.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "मालक म्हणतात भारीतली आण. भारी म्हणजे काय हो?"

"तुमच्या जिभेला पटेल ती भारी," मावशी म्हणाल्या. "खायला काय आहे?"

"चीज, खारवलेले दाणे, तळलेले बटाटे," लेक म्हणाली.

मावशींनी माझ्यात तीन बाटल्या बुडवल्या. एक होती थंड मुलखातल्या खडूच्या टेकड्यांवरची. हिरव्या सफरचंदाचा चावा घ्यावा तशी ती जिभेला लागली. दुसरी मोठ्या डोंगरांच्या पायथ्याची, मोठमोठ्या टाक्यांत फेसाळलेली, नासपतीच्या वासाची, हसरी आणि जरा गोडसर. तिसरी समुद्राजवळच्या कोरड्या उतारावरची. तिथले एक म्हातारे जोडपे आपल्या बाटल्या तळघरात वर्षानुवर्षे आडव्या ठेवते आणि बुडबुडे बाटलीतच तयार होऊ देते. तिला भाजलेल्या पावाचा वास होता आणि बुडबुडे अगदी मोहरीएवढे.

मुद्रितशोधकांनी तिसरा पेला पुन्हा उचलला. "ही उगाच बडबड करत नाही," ते म्हणाले. "हीच द्या."

"खारट खाण्याबरोबर हीच शोभेल," मावशी म्हणाल्या.

जाताना लेकीने विचारले, "बाबा, आता दिवसभर घरी काय करणार?"

"वाचणार! जन्मभर चुका शोधायला वाचलं. आता मजेसाठी वाचीन."

समारंभाच्या दिवशी मावशींना दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचे होते. त्यांनी भावाला चारचारदा सांगितले, "बाटल्या गेल्या गेल्या बर्फात घाल. गार झाल्याशिवाय बुचावरची तारेची जाळी सोडू नकोस."

"हो गं ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" झगमगराव म्हणाला.

समारंभ छापखान्यातच, पुस्तके बांधायच्या दालनात होता. कागदाच्या थप्प्या भिंतीकडे सरकवल्या होत्या आणि कापायच्या लांब टेबलांवर पांढरे कापड अंथरले होते. झगमगरावाने मला टेबलाच्या मधोमध ठेवले. मला वाटले, आता बर्फ येईल. पण त्याने माझ्यात काय घातले असेल? कागदी गुलाब! "बर्फाचं पाणी गळतं, बादलीला घाम येतो, फोटोत घाण दिसतं," असे तो फोटोवाल्याला सांगत होता. बाटल्यांचा त्याने मनोरा रचला आणि त्यावर चार मोठे दिवे सोडले. दुपारभर त्या बाटल्या तापत होत्या. बाटली जेवढी गरम, तेवढा आतला वायू बुचाला जोराने ढकलतो. हे मला ठाऊक होते आणि त्यालाही ठाऊक होते. मित्रांनो, ठाऊक असून केले, याचाच मला संताप येतो.

भाषणे झाली. झगमगरावाने एक बाटली उचलली, तारेची जाळी काढून फेकली आणि बाटली गदागदा हलवली. "काका, इकडे बघा! हसा!"

ते हसले. बूच सुटले आणि थेट त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसले.

चेहऱ्यावर हात धरून ते खाली बसले. त्या म्हाताऱ्या जोडप्याची कित्येक वर्षांची मेहनत फेस होऊन पांढऱ्या कापडावर वाहत होती आणि फोटोवाल्याचा कॅमेरा अजून लखलखत होता. "बंद करा ते!" लेक किंचाळली. मी तिथेच होते, हातभर अंतरावर, पोटात कागदी फुले घेऊन.

डॉक्टरांनी शर्थ केली, पण डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळते.

पुढे दुकानात मी जे ऐकले, त्याने माझे तांबे पुन्हा भट्टीत घातल्यासारखे तापले. झगमगराव म्हणाला, "ताई, बाटलीतच दोष असणार. त्या म्हाताऱ्यांनी गॅस जास्त भरला असेल. आपण तसंच सांगू."

"गॅस भरला?" मावशींचा आवाज चिरका झाला. "सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतात, तशी वाइन करतात होय ते? आणि दिवे कुणी लावले? हलवली कुणी? आपलं पाप त्या गरीब म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधतोस?" त्यांनी माझ्यातले गुलाब ओरबाडून काढले आणि त्याच्या अंगावर भिरकावले. "आणि हे? हे कुणी घातलं?"

तो काही बोलायच्या आत दार उघडले. मुद्रितशोधक आले होते, डोळ्यावर पट्टी, लेकीच्या खांद्यावर हात. मावशींनी पुढे केलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत.

झगमगरावाने हात जोडले. "काका, फार वाईट वाटतं हो. पण देवाची कृपा, थोडक्यात निभावलं."

"थोडक्यात?" ते म्हणाले. "जो येतो तो हेच म्हणतो. अहो, माझा डोळा गेलाय, छत्री नाही हरवली!"

"तसं नाही... म्हणजे, अपघात झाला."

"झाला नाही. केला. वाक्य नीट करा."

झगमगराव बहिणीकडे बघू लागला. मावशींनी मान फिरवली.

"बाटल्या गार केल्या गेल्या नाहीत," तो पुटपुटला.

"कुणी केल्या नाहीत? वाक्यात माणूस कुठाय?"

तो खाली बघून म्हणाला, "मी बाटल्या गार केल्या नाहीत. फोटो चांगला यावा म्हणून मी बाटली हलवली आणि तुमच्याकडे तोंड करून धरली."

"आता वाक्य बरोबर आहे," मुद्रितशोधक म्हणाले. "माफी मात्र मी दिलेली नाही." आणि लेकीसोबत ते निघून गेले.

त्यानंतर मावशींनी भावाला दुकानाच्या समारंभांतून कायमचे काढले. आता तो फक्त दिवे भाड्याने देतो. मीही म्हातारी झाले आहे. आतली कल्हई विरली आहे, एक कडी डुगडुगते. तरी मावशी मला रोज घासतात आणि बाटली विकली की ती उघडायची कशी हे माझ्याजवळ उभे राहून गिऱ्हाइकाकडून करवून घेतात. परवा एक नवरदेव ऐटीत म्हणाला, "बूच छताला लागलं पाहिजे, तरच मजा!" मावशींनी त्याच्या पिशवीतली बाटली काढून परत फळीवर ठेवली. "मग दुसरीकडून घ्या," त्या म्हणाल्या. तो तणतणत गेला आणि मला बरे वाटले.

मित्रांनो, वाइन कुठल्याही मुलखातली निवडा, खडूच्या टेकडीची नाही तर समुद्राकाठची. पण जिने कुणाच्या तरी तळघरात वर्षे काढली, तिला हलवून तिची पिचकारी करू नका आणि तिचे तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे धरू नका. माझी फुलदाणी तर मुळीच करू नका. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असे मला वाटतही नाही. तुमच्या घरी आनंदाचा दिवस उजाडला, की दिव्यांचे आणि फोटोंचे मागाहून बघा. आधी बर्फ आणा.