दातवाल्यांचा एकच शब्द

अर्धांगाचा झटका आला आणि दातवाल्यांचे सगळे शब्द गेले. उरला एकच, तोही इंग्रजी: सेट. जन्मभर कवळ्या केल्या ना! दातांचा सेट, प्लास्टर सेट झालं का, मशीन सेट कर, पोरीचं एकदाचं सेट होऊ दे. घरात पाऊल टाकताना बायकोलाही तेच, "काय गं, सेट?" त्यावर ती फणकारायची, "काय मेलं सेट नि बिट!" शेवटी तोच शब्द जिभेला चिकटून राहिला.

पाणी हवं, सेट. पंखा बंद करा, सेट. भेटायला आलेला मेहुणा बूड हलवेना, तेव्हा तर असं काही "सेट!" म्हणाले, की तो चपला शोधायला लागला. लेक पोट धरून हसली. बायकोला मात्र हसू येईना. तिच्या जिवाला एकच घोर: मी कोण, हे यांना कळतंय का, की हा नुसताच आवाज?

धंदा आता लेक बघत होती. त्या दुपारी तिने काम घरीच आणलं. ओट्यावर प्लास्टर कालवलं, कुणाच्या तरी दातांच्या ठशात ओतलं आणि जरा वेळाने सोडवायला गेली.

"सेऽऽट," खुर्चीतून बाबा गुरगुरले.

लेकीचा हात थबकला. तिने ठसा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी धड असलेला हात उलटा करून बोटांची मागची बाजू प्लास्टरला लावली. घट्ट होताना प्लास्टर तापतं. ते निवल्यावरच सोडवायचं, नाहीतर दात मोडतात. बऱ्याच वेळाने ते हलकेच म्हणाले, "सेट."

लेकीने सोडवलं. एकाही दाताचा टवका उडाला नव्हता. "सेट!" बाबा खुशीत म्हणाले.

बायकोला आता उमगलं. बाई गं, एवढासा शब्द, आणि त्यात ‘थांब’ मावलं, ‘आता काढ’ मावलं, शाबासकीसुद्धा मावली! ती खुर्चीजवळ गेली. मी कोण, हे विचारायला वाकली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हात पुन्हा उलटा केला आणि तिच्या गालाला लावला. गाल ओला लागला, तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सेट?"

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच फणकारली नाही.

"सेट," ती म्हणाली. "अहो, अगदी सेट."