शुक्रवारचं नाव

कालिंदी सहावीत गेली आणि नेमकी आईच्याच वर्गात आली. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या त्या शाळेत सहावीच्या दोनच तुकड्या होत्या, ए आणि बी. ए तुकडीची वर्गशिक्षिका लीना रांगणेकर, म्हणजे कालिंदीची आई. एप्रिलमध्ये यादी लागली तेव्हा लीनाने एक शब्द टाकला असता तर मुलीची तुकडी सहज बदलून मिळाली असती. पण तिला वाटलं, त्यात काय, जमेल आपल्याला.

पहिल्या दिवशी ऑटोतून शाळेत जाताना तिने कालिंदीला बजावलं, "शाळेच्या फाटकातून आत गेलं की मी तुझी आई नाही. मिस. कळलं ना?"

"कळला," कालिंदी म्हणाली.

"कळलं."

"कळलं," कालिंदीने दुरुस्ती केली. तिच्या मराठीत शब्दांची लिंगं नेहमी चुकायची. लीना स्वतः कोलकात्यातच जन्मलेली, पण तिच्या वडिलांनी घरात मराठीशिवाय दुसरा शब्द चालवून घेतला नव्हता. कालिंदीचं तसं नव्हतं. ती शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी बांगला आणि घरी आईबाबांशी जमेल तशी मराठी बोलायची.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर फुटपाथवर मुलांची वाट बघणाऱ्या बायकांमधून एक वाक्य लीनाच्या कानावर आलं. कुणीतरी हसत बांगलात म्हणालं, "आता बोर्डावर कुणाचं नाव लागणार ते सांगायला ज्योतिषी नको." बाकीच्या हसल्या. लीना न थांबता पुढे गेली, पण ते वाक्य तिच्याबरोबर घरी आलं आणि तिथेच राहिलं.

बोर्ड म्हणजे वर्गाबाहेरचा हिरवा फलक. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला लीना मुलांबरोबर आठवड्याची उजळणी करायची. काय शिकलो, काय फसलं, कुणी काय नवीन केलं, सगळ्यांनी बोलायचं. मग ती एक नाव जाहीर करायची. त्या मुलाला एक रंगीत कार्ड मिळायचं आणि पुढचा आठवडाभर त्याचं नाव, त्याने काय केलं त्याच्या एका ओळीसकट, फलकावर झळकायचं. मुलं त्या नावासाठी जीव टाकायची. अपूर्णांकांत गटांगळ्या खाणाऱ्या मुलाने एका आठवड्यात सगळी गणितं सोडवली, त्याचं नाव लागलं. शाळेत नव्याने आलेल्या, कुणाशीच न बोलणाऱ्या मुलीने कविता म्हटली, तिचं लागलं. त्या मुलीला रोज डब्याच्या सुट्टीत जवळ बसवून ती कविता पाठ करून घेतली होती कालिंदीने. लीनाने ते पाहिलं होतं. पुढच्या वेळी बघू, असं तिने मनाशी म्हटलं. पुढच्या वेळीही ती तेच म्हणाली.

ऑगस्ट आला तरी कालिंदीचं नाव लागलं नव्हतं. तिने कधी विचारलंही नाही.

ऑगस्टच्या शेवटी विज्ञानाच्या तासाला पाणी गाळायचा प्रयोग निघाला. चौघाचौघांचे गट केले. प्लास्टिकची बाटली कापायची, उलटी धरायची, तिच्यात कापूस, वाळू, कोळसा आणि खडी असे थर द्यायचे आणि गढूळ पाणी वरून ओतायचं. कालिंदीच्या गटात तिथी सामंत होती. गटाच्या वतीने बोलायचं काम तिथीकडे, कारण ती मोकळेपणाने बोलणारी, हजरजबाबी मुलगी.

पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांच्या बाटल्यांतून मूळच्यापेक्षाही काळं पाणी निघालं. वर्गात हसू फुटलं. लीना मुद्दाम काही बोलली नाही. मुलांनी शोधावं असंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीकडे चालली होती, तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला नळापाशी तिला कालिंदी दिसली. एका डब्यात कोळशाचे तुकडे घेऊन ती ते पुन्हा पुन्हा धूत होती. कोपरापर्यंत हात काळे, नाकावर काळा डाग. डब्यातलं पाणी ओतायचं, नवं घ्यायचं, उजेडाकडे धरून बघायचं. तिचा जेवणाचा डबा न उघडताच शेजारी पडला होता. लीनाला आत काहीतरी भरून आलं. जवळ जावं, नाक पुसावं, असं वाटलं. पण समोरून दोन मुलं येत होती. ती वळली आणि आत गेली.

गुरुवारी तिथीच्या गटाच्या बाटलीतून स्वच्छ पाणी टपकलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिथीने पुढे येऊन झकास सांगितलं: कोळशाची भुकटी आधी धुऊन काढायला हवी, नाहीतर तीच पाण्यात उतरते.

शुक्रवारी लीनाने नाव जाहीर केलं. "तिथी सामंत."

टाळ्या झाल्या. तिथी पुढे आली, पण कार्डाला तिने हात लावला नाही. "मिस," ती म्हणाली, "कोळसा धुवायचं कालिंदीला सुचलं. मी फक्त बोलले."

सगळे लीनाकडे बघत होते. लीनाला फुटपाथवरचं हसू ऐकू आलं. तिने घाईने कार्ड तिथीच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "गटात सगळ्यांचाच हात असतो. बस जागेवर."

तिथी बसली. सगळ्यांत आधी पुन्हा टाळ्या कुणी वाजवायला घेतल्या, तर कालिंदीने.

घरी जाताना कालिंदी रोजच्यासारखीच होती. कोपऱ्यावरच्या दुकानात मातीच्या वाटीतलं गोड मिष्टी दही मागितलं, मैत्रिणीच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगितलं. लीनाला वाटलं होतं मुलगी रुसेल, रडेल, निदान गप्प बसेल. तसं काही झालं असतं तर तिला समजूत घालता आली असती. कालिंदी बोलत राहिली आणि लीनाने आपल्या वाट्याचं दहीही तिलाच दिलं.

पुढच्या आठवड्यात कालिंदीने वर्गात हात वर करणं सोडून दिलं. लीनाच्या ते लक्षात यायला दोन दिवस लागले, कारण एरवीही कालिंदीचा हात वर असला तरी ती दुसऱ्या कुणाला तरी विचारायची. मंगळवारी तिने मुद्दाम विचारलं, "कालिंदी, सांग बघू, या त्रिकोणाचा तिसरा कोन किती?"

कालिंदी उभी राहिली. "नाही येत, मिस."

संध्याकाळी वह्या तपासताना लीनाने बघितलं. त्या पानावरचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं.

बुधवारी शर्मिष्ठादींनी तिला बोलावलं. सहावी ते आठवीच्या वर्गांचं सगळं बघणाऱ्या शर्मिष्ठादी शाळेत वीस-एक वर्षं होत्या आणि आडवळणाने बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुझी मुलगी आली होती माझ्याकडे. एकटीच. बी सेक्शनमध्ये घाला म्हणते."

लीना बसली. "का, काही म्हणाली?"

"मी विचारलं, कुणी त्रास देतं का? नाही म्हणाली. मिस ओरडतात का? तेही नाही म्हणाली. मग म्हणाली, माझ्यामुळे आईला त्रास होतो." शर्मिष्ठादींनी चष्मा काढला. "म्हणाली, मी चांगलं काही केलं की आईचा चेहरा घाबरल्यासारखा होतो. म्हणून मी वर्गात नसले तर तिला बरं पडेल."

लीना पर्समध्ये रुमाल शोधू लागली. मुलीने तक्रार केली असती, आई अन्याय करते म्हणाली असती, तर ते तिने ऐकून घेतलं असतं. मुलगी तिची काळजी करत होती.

"रडू नकोस," शर्मिष्ठादी म्हणाल्या. "म्हणजे रड, पण बेल व्हायच्या आत आवर."

लीनाच्या नवऱ्याला, ओंकारला, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसातून यायला उशीर व्हायचा, त्यामुळे संध्याकाळी घरात दोघीच असायच्या. लीना पोहे करत होती. कालिंदी ओट्याला टेकून मटार सोलत होती, निम्मे खात होती.

"कालिंदी," लीना कढईकडे बघत म्हणाली, "तू कोळसा धूत होतीस ना, ते मी पाहिलं होतं."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"तू मला बघितला, ते मी पण बघितला. मग तू गेला."

लीनाने ते वाक्य दुरुस्त केलं नाही. तिने गॅस बंद केला. "मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? मिसला की तुला?" कालिंदीने हे टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. "शाळेत आई नाही, आणि घरी शाळेचं बोलायचं नाही. तूच म्हणाली होतीस."

घरी शाळेचं बोलायचं नाही, असंही आपण म्हणालो होतो का, ते लीनाला आठवेना. म्हणाली असेल. तपासायच्या वह्यांचा ढीग समोर असताना कधीतरी नक्की म्हणाली असेल.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "खूप चुकलं. लोक काय म्हणतील याला मी घाबरले आणि तुझ्यावर अन्याय केला. या शुक्रवारी मी तुझं नाव लावते."

"नको!" कालिंदी एकदम ओरडली. मटाराचे दाणे खाली सांडले. "प्लीज आई, नको. मग सगळ्यांना वाटेल मी घरी जाऊन रडले म्हणून लावलं."

लीना दाणे वेचायला खाली बसली. कालिंदीही बसली. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली तेव्हा कालिंदी हसली. लीनाला मात्र हसू आलं नाही. आपल्याला हलकं वाटावं म्हणून आपण हे देत होतो, आणि पोरीने ते बरोबर ओळखून परत केलं, एवढंच तिच्या मनात होतं.

शुक्रवारी वर्गात शिरण्याआधीच तिला दाराशी तिथी भेटली. तिच्या हातात ते रंगीत कार्ड होतं, कडा जराशा चुरगळलेल्या.

"मिस, हे मी कालिंदीला देत होते. ती घेत नाही. माझी मा हे फ्रेम करून लावणार आहे आणि मला ते भिंतीवर नको आहे." तिथीचे डोळे भरून आले. "मी खरं सांगितलं होतं, मिस."

तेव्हा लीनाच्या ध्यानात आलं की तिने एका मुलीला नाही, दोघींना दुखावलं होतं. एकीचं श्रेय काढून घेतलं, आणि दुसरीने खरं बोलल्यावर तिला जागेवर बसवलं.

शेवटच्या तासाला तिने नेहमीसारखी आठवड्याची उजळणी सुरू केली नाही. ती टेबलापुढे येऊन उभी राहिली. अकरा-बारा वर्षांच्या मुलांसमोर इतकी भीती तिला नोकरीच्या पहिल्या दिवशीही वाटली नव्हती.

"मागच्या शुक्रवारी तिथीने मला एक गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "ती खरी होती. मलाही ती आधीपासून माहीत होती. तरी मी तिला गप्प बसवलं. ते चूक होतं. तिथी, मी तुझी माफी मागते. कोळसा धुवायची कल्पना कालिंदीची होती. कालिंदी, तुझीही माफी मागते."

कालिंदी बाकाकडे बघत होती, तिचे कान लाल झाले होते. मग मागच्या बाकावरून अर्णव, वर्गातला सगळ्यांत वात्रट मुलगा, म्हणाला, "मिस, आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही कालिंदीला कधीच विचारत नाही. तिचा हात वर असला की तुम्ही माझ्याकडे बघता. मला काही येत नसलं तरी."

वर्ग हसला. लीनाही हसली, पण तिचा चेहरा तापला होता. बाहेरच्यांनी पक्षपात म्हणू नये म्हणून तिने पाच महिने जे जपलं, ते आतल्या एकूण एक पोराला पक्षपातच दिसत होतं, फक्त उलट्या बाजूचा. तिने पुढे काही समजावून सांगितलं नाही. त्या आठवड्याचं नाव अर्णवचं लावावं, असं दोन मुलींनी सुचवलं. खरं बोलल्याबद्दल. तसं लागलं.

कालिंदीची तुकडी दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर बदलली. लीनाने तिला परत एकदा विचारलं होतं. आता मी नीट वागेन, राहशील का? कालिंदीने थोडा विचार केला आणि नकारार्थी मान हलवली. "तू आता उलटं करशील. सारखा मलाच विचारशील." हे खरं होतं. आदल्या दोन आठवड्यांत लीनाने तेच केलं होतं आणि तिला ते कळलंही नव्हतं.

ओंकार म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? भिंतीपलीकडे तर आहे."

नोव्हेंबरातल्या एका दुपारी लीनाच्या वर्गातली मुलं चित्रं काढत होती. ती खडू आणायला बाहेर पडली. बी तुकडीचं दार उघडं होतं. आतून कालिंदीचा आवाज येत होता, चढलेला, ठाम. कुठल्याशा नदीच्या उगमावरून ती शिक्षकांशी वाद घालत होती, आणि तिचं उत्तर साफ चूक होतं. शिक्षकांनी नकाशा दाखवला. "ओह," कालिंदी मोठ्याने म्हणाली आणि सगळ्या वर्गाबरोबर स्वतःही हसली.

लीना भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्या वर्गात ही मुलगी इतक्या मोठ्याने कधीच चुकली नव्हती. तिला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. त्याखाली आपल्यामुळे ती इतके महिने दबून राहिल्याचा सल होताच, आणि तो लवकर जाणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिच्या वर्गातून कुणीतरी रंग सांडल्याचा गलका आला, तेव्हा ती खडू न घेताच परत फिरली.